डबरीपाऱ्यातलं झाकण

यंदा आमच्या गल्लीत पाणी भरलं नाही. भादवा लागला, पोळा झाला, एकदा तर पाऊस असा लागला की भनपुरीकडचे ट्रक जागच्या जागी अडकून पडल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरले. आमच्या गल्लीत मात्र पाणी आलं, नव्या नालीत शिरलं आणि निमूट निघून गेलं. कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष देवांगनजी छत्री घेऊन मुद्दाम चक्कर मारून आले आणि कोरड्या रस्त्याकडे आपणच तो वाळत घातल्यासारखे बघत उभे राहिले. समोरच्या घरून पेढे आले. मी पेढा खाल्ला, चांगला होता, पण मला करमेना.

पाऊस वाढला की मी अजून सवयीनं न्हाणीघराच्या जाळीकडे बघते. बाहेरच्यांना वाटतं, पूर रस्त्यावरून येतो. आमच्याकडे तो खालून यायचा. आधी झुरळं यायची, रांगेनं, बिऱ्हाड हलवल्यासारखी. मग वास यायचा. मग जाळीतून एक आवाज, मोठ्या घशाच्या माणसानं चूळ भरावी तसा. तो आला की घरातली माणसं न बोलता कामाला लागत. आई जाळीवर गोणपाट दाबून वर पाटा ठेवायची, मी खालच्या कप्प्यातली धान्यं वर चढवायची, गादी टेबलावर, मिक्सर फ्रीजवर. थोड्या वेळात पाटा आपोआप हलायला लागायचा. पाण्यानं पाटा उचललेला तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय आणि तेव्हापासून पाट्याच्या वजनावर माझा विश्वास नाही.

ही जागा म्हणजे मुळात तळं. छत्तीसगडीत लहान तळ्याला डबरी म्हणतात, वस्तीला पारा. मुरूम टाकून डबरी बुजवली, प्लॉट पाडले आणि कॉलनीचं नाव ठेवलं सरोवर विहार. ज्याला मारायचं त्याचंच नाव फाटकावर लावायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. ऑटोवाल्यांना सरोवर विहार कळत नाही, डबरीपारा म्हटलं की बरोबर आणून सोडतात. बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. आयुष्यभर क्वार्टरमध्ये राहिल्यावर स्वतःचं घर म्हणून त्यांनी इथं प्लॉट घेतला तेव्हा उन्हाळा होता, आणि उन्हाळ्यात सगळेच प्लॉट चांगले दिसतात. पहिल्याच वर्षी घरात पाणी शिरलं तेव्हा आई पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "पाण्याचं घर हाये हे. आपण भाड्यानं राहून राहिलो." बाबा हसले. मीही हसले होते.

गल्लीच्या मधोमध, आमच्या वरच्या खोलीच्या गॅलरीसमोर, एक चेंबर होतं. त्याच्यावर जाड लोखंडी झाकण. पाणी फार चढलं की गल्लीतले दोघं-तिघं पहार घेऊन उतरायचे आणि चाचपडत ते झाकण उचकटून बाजूला सरकवायचे. मग पाणी गरगर फिरत तिथून खाली ओढलं जायचं आणि गल्ली हळूहळू मोकळी व्हायची. हे करू नये असं सगळ्यांना माहीत होतं आणि दरवर्षी सगळे ते करत. पण उघड्या चेंबरजवळ कोणीतरी उभं राहायचं, हा नियम होता, आणि तो नियम बाबांचा. लुंगी खोचून, गुडघाभर गढूळ पाण्यात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात नोकरीतली लाल झेंडी घेऊन बाबा त्या भोकापाशी उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत, "बाजूनं! बाजूनं! मेन लाइन बंद हाये!" पोरंसोरं मुद्दाम दोनदा जायची. बाबांना त्या कामाचा मनापासून आनंद होता. रिटायर झाल्यावर त्यांचं ऐकणारं दुसरं उरलं होतं कोण?

त्या सगळ्यांत त्यांचं सगळ्यात जास्त ऐकायचे ते शेजारचे साहू भैया. पंडरीच्या बाजारात कपड्याच्या दुकानात ते साड्या दाखवायला बसत. दिवसभर साड्या उलगडून आणि घड्या घालून त्यांच्या हाताला अशी सवय लागली होती की आमच्याकडे बसले तरी बोलता बोलता टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडी नीट करून ठेवत. पाण्यातून घरी येताना ते बाबांसमोर थांबत, सलाम ठोकत आणि म्हणत, "गार्ड साहब, सिगनल दीजिए." बाबा गंभीर चेहरा करून झेंडी खाली घेत, छत्रीनं वाट दाखवत. मग साहू भैया चेंबरला वळसा घालून आपल्या फाटकात शिरत. तिथं दुलारी दीदी, त्यांची बायको, हात कमरेवर ठेवून या दोघांचा पोरखेळ बघत उभी असे.

दुलारी दीदी माझ्याहून बरीच लहान, पण इथं सगळ्याच बायका एकमेकींना दीदी म्हणतात. माहेर लांबच्या गावात. आणि माहेरचं वेड असं की पोळा झाला की तिचं चित्त थाऱ्यावर नसे. छत्तीसगडात तीजा म्हणजे आपली हरतालिका, पण नवऱ्याच्या आयुष्यासाठीचा तो उपास माहेरी जाऊन करायचा. भाऊ न्यायला येतो, साडी घेऊन येतो, आणि आदल्या दिवशी माहेरच्या बायका मिळून कारल्याची भाजी नि भात खातात. करू भात म्हणतात त्याला. दीदी आईला म्हणायची, "काकी, साल भर के मीठा एक डहर, अउ मइके के करू भात एक डहर." वर्षभराचं गोड एकीकडे आणि माहेरचं हे कडू एकीकडे. आई म्हणायची, "आमच्यात नाई हे, पण तू जा पोट्टी. खाऊन ये कडू." आमचं बौद्ध घर. आईचा श्रावण-भादवा विहारात जातो, वर्षावासाच्या वाचनाला.

दीदी माहेरी गेली की घराची किल्ली आमच्याकडे असायची. एकच किल्ली होती त्या कुलपाला. दुसरी साहू भैयांनी कधीच हरवली होती आणि दरवर्षी नवीन करून घेईन म्हणत होते. स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला आई ती अडकवून ठेवायची. संध्याकाळी दुकानातून आले की साहू भैया खालून हाक मारत, "काकी, चाबी!" मग ते आमच्याकडेच जेवत. आईचा झुणका त्यांना आवडायचा, आणि दीदीला हे सांगू नका अशी विनंती ते जेवता जेवता दर वेळी करत. बाबा गेल्यावरही हे तसंच चालू राहिलं. फक्त चेंबरपाशी उभं राहायला आता कोणी नव्हतं. झेंडी आईनं कपाटात घडी करून ठेवली. झाकण काढलं की लोक भोकात बेशरमची फांदी खोचून ठेवू लागले. नाल्याकाठी जांभळ्या फुलांचं ते झाड माजतं, कितीही कापा, पुन्हा उगवतं. फांदीला एक लाल चिंधी बांधायची, झालं काम. माणसाच्या जागी फांदी आली आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता महापालिकेच्या झोन ऑफिसबद्दल सांगते. तक्रार केली की तिथून माणसं येत, अगदी येतच नसत असं नाही. पण शहरभर पाणी, गाड्या कमी, येईपर्यंत आमच्या लोकांनी झाकण काढून गल्ली रिकामी केलेली असे. साहेब बुटांवर यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि विचारायचे, "कहाँ है पानी?" भिंतींवर कमरेएवढा ओला पट्टा असे, तो आम्ही दाखवत असू. साहेब मान हलवत. पट्टा बघून कोणी नाला बांधून देत नाही. देवांगनजी चिडून म्हणायचे, "हम ही अपना केस बिगाड़ लेते हैं." त्यात खोटं काही नव्हतं.

म्हणून एका वर्षी ठरलं, की साहेब येईपर्यंत झाकण काढायचं नाही. पाणी राखून ठेवायचं. हे पहिल्यांदा कोण म्हणालं, ते आज कोणालाच आठवत नाही. मी विचारून पाहिलंय. प्रत्येकाच्या आठवणीत ते वाक्य दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात आहे.

तीजा जवळ आला होता. दीदीची पिशवी भरून दारामागे ठेवलेली, दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येणार होता. पहाटेपासून पाऊस होता. दुपारी पाणी आमच्या पायऱ्या चढून घरात आलं, तरी गल्लीत एक प्रकारचा उत्साह होता. हे लिहिताना लाज वाटते, पण होता. लोक आपापल्या ओट्यावर उभे राहून पाण्याची उंची एकमेकांना ओरडून सांगत होते. दीदीच्या घरात पलंग बुडाला, ती ओरडली, "बुड़न दे, साहेब ला देखन दे!" आणि सगळे हसले. साहेब आले. खरं सांगायचं तर भले माणूस. पँट गुंडाळून स्वतः पाण्यात उतरले, फोटो घेतले, म्हणाले, "ये तो वाकई बहुत ज्यादा है." इतक्या वर्षांनी कोणीतरी हे वाक्य म्हटलं होतं. देवांगनजींचे डोळे भरून आले. साहेब नाक्याकडे वळले तसं इकडे दोघांनी पहार लावली, झाकण सरकवलं, फांदी खोचली आणि साहेबांच्या मागे धावले, कारण नाक्यावर नव्या नाल्याचं बोलणं चाललं होतं आणि ते कोणालाच चुकवायचं नव्हतं. गल्लीतले सगळे पुरुष नाक्यावर होते. दीदी घरात पलंगावरचं सामान माळ्यावर चढवत होती.

आई आणि मी गॅलरीत आलो तेव्हा ते निघून गेले होते. राखून ठेवलेलं पाणी नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त होतं आणि त्याची ओढही. फांदी केव्हाच आत खेचली गेली असणार. पावसाच्या धारांत आम्हाला वरून भोवरा दिसला नाही, फांदीही दिसली नाही, म्हणून झाकण अजून लावलेलंच आहे असं आम्ही समजलो. तेवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकानं साहू भैया येताना दिसले. पंडरीत पाणी शिरलं म्हणून दुकान लवकर बंद झालं होतं. काळी छत्री, हातात कारल्यांची पिशवी. माहेरी निघालेल्या बायकोसोबत द्यायला कारली घेऊन येणारा तो एकच नवरा असेल. आमच्या गॅलरीखाली आल्यावर त्यांनी छत्री जराशी मागे केली, वर बघितलं आणि विचारलं, "काकी, साहब आए क्या?"

"आले, आले! नाक्यावर हायेत!" आई आनंदानं म्हणाली.

ते हसले, दोन पावलं चालले आणि मला वाटलं, काही उचलायला वाकले. मग छत्री एकटी राहिली. उघडी छत्री त्या भोकावर टेकून बसली, काड्या आत जाईनात, आणि पाणी तिच्याभोवती फिरत राहिलं. झाकण लावल्यासारखी दिसत होती ती. आई कोणाला तरी हाक मारत होती. नंतर कळलं, ती बाबांना हाक मारत होती.

शोध झाला. माणसं आली, मशीन आल्या, नाला जागोजागी फोडला, पार खारून नदीपर्यंत नावा फिरल्या. साहू भैया सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दीदीचा भाऊ ठरल्याप्रमाणे तिला न्यायला आला. त्याला कोणी कळवायचंच राहिलं होतं. तो साडीची पिशवी डोक्यावर धरून, चिखल चुकवत, गर्दी कसली म्हणून विचारत विचारत आत आला. त्या माणसाचा तो चेहरा मला अजूनही कुठेही दिसतो, शाळेत फळ्यावर लिहिताना पाठमोरी असले तरी.

झोन ऑफिसमधून चौकशीला माणसं आली. चेंबर उघडं कसं, हे विचारलं. लोकांनी सांगितलं, पाण्यानं झाकण उडालं असेल. कोणी ठरवून सांगितलं नाही, सगळ्यांच्या तोंडून तेच निघालं. दीदी तिथंच उभी होती. तिला पाणी राखून ठेवल्याचं ठाऊक होतं. बुडू दे म्हणणारी तीही होती. ती काही बोलली नाही.

त्यानंतर गल्लीत कोणी झाकणाला हात लावला नाही. पाणी यायचं, दोन-दोन दिवस घरात बसायचं, आम्ही सगळे मुकाट्यानं टेबलांवर जेवायचो. आणि त्या जागेवरून कोणी चालेना. झाकण लावलेलं, वर डांबर, तरी माणसं वळसा घालून जायची. भर उन्हाळ्यातसुद्धा. कोपऱ्यावरच्या घरात गेल्या वर्षी भाडेकरू आले, नवरा-बायको, भिलाईचे. त्यांना यातलं काही माहीत नाही. तेही वळसा घालतात. एकदा मी त्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "पता नहीं दीदी, सब उधर से जाते हैं."

दीदी माहेरी गेली नाही, त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. भाऊ दरवर्षी यायचा, साडी द्यायचा, चहा घ्यायचा आणि एकटा परत जायचा. ती उपास इथंच करायची. आई एकदा तिला म्हणाली, "जा न पोट्टी, चार दिवस. काहून जीव जाळून राहिली?" दीदी म्हणाली, "ताला देखही त लहुट जाही, काकी." घराला कुलूप बघेल तर परत फिरेल.  

पाऊस लागला की दीदी फाटकाशी येऊन उभी राहायची. आम्ही ज्या आवाजाला घाबरायचो, जाळीतल्या त्या चूळ भरण्याला, त्याची ती वाट बघायची. चेंबर खालून गुरगुरू लागलं की तिचा चेहरा बदलायचा. एकदा गुडघाभर पाण्यात ती माझ्या शेजारी उभी होती आणि अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, "पानी आथे त अइसे लागथे, ओ लहुटत हे." पाणी आलं की वाटतं, ते परत येतायत. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या क्षणी मी पाण्याकडे बघत होते आणि मीही तेच बघत होते.

मग नवी नाली मंजूर झाली. साहेब बदलून गेले होते, त्यांच्या जागी एक तरुण सब-इंजिनियर मॅडम आल्या. लोकांना आधी वाटलं, ही मुलगी काय करणार, पण ती उन्हातान्हात टोपी घालून स्वतः लेव्हल घेत फिरायची. पावसाळ्याआधी तिनं कॉलनीच्या बगिच्यात सगळ्यांना बोलावलं आणि गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून सांगितलं, की नवी लाइन दुसऱ्या बाजूनं जाईल, जुनी लाइन बंद, आणि मधलं चेंबर काँक्रीट भरून बुजवून टाकू. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बंद झन करव," दीदी मागून म्हणाली. बंद करू नका.

टाळ्या थांबल्या. देवांगनजी वळून म्हणाले, "दीदी, पूरे मोहल्ले का सवाल है."

"हव," ती म्हणाली. "मोर तो एके झन के सवाल हे."

माझा तर एकाच माणसाचा प्रश्न आहे. मोहल्ला चिडला. पुढचे काही आठवडे कुजबुज चालली. इतकी वर्षं झाली, आता हे काय, एका बाईपायी सगळ्यांनी बुडायचं का, डोकं फिरलंय. काम तिकडून पुढे सरकत होतं, दुसऱ्या बाजूचा खड्डा, पाइप, सगळं. चेंबर तेवढं राहिलं. मजूर आले की दीदी तिथं स्टूल टाकून बसायची, भांडायची नाही, नुसती बसायची. आई तिच्यासाठी वरून चहा पाठवायची. माझा जीव दोन्हीकडे ओढला जात होता. मला कोरडं घर हवं होतं. आणि ते भोक बुजवताना मला बघायचं नव्हतं.

एका सकाळी मॅडम एकट्याच आल्या आणि दीदीच्या ओट्यावर बसल्या. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी शाळेला निघाले होते, फाटकाशीच थांबले. "आप क्या चाहती हैं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. आम्ही तर नाहीच.

दीदी म्हणाली, "पहिली देख तो लव, मैडम. ओ भीतर होही त?"

आधी बघा तरी. ते आत असले तर?

मॅडम इंजिनियर होत्या. त्या पाइपातून पाणी कुठे जातं, किती जोरानं जातं, सगळं त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणू शकल्या असत्या, की असं होऊच शकत नाही. त्या म्हणाल्या, "ठीक है, देख लेते हैं."

जी लाइन बुजवायचीच होती ती साफ करायला त्यांनी सक्शनची गाडी मागवली. गाळ ओढून गल्लीत पसरायला लावला. वासानं लोकांनी खिडक्या लावून घेतल्या आणि काचेआडून बघत राहिले. दीदी पदर खोचून गाळापाशी बसली. आई काठी टेकत जिना उतरली आणि जाऊन तिच्याशेजारी बसली. मी दोघींच्या मागे उभी. पिशव्या, चपला, बाहुलीचा हात, फुटक्या बांगड्या, स्टीलचा पेला, पुन्हा पिशव्या. दीदी एकेक वस्तू हातानं पुसायची, बघायची आणि बाजूला ठेवायची. बेशरमची मुळं गुंता होऊन निघाली, आणि त्या गुंत्यात फांदीच्या एका तुकड्याला बांधलेली चिंधी. तिचा लाल रंग अजून ओळखू येत होता. देवांगनजी तेव्हा जवळच होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. दीदीनं ती चिंधी बघितली, मग आमच्याकडे, खिडक्यांकडे, आणि तीही बाजूला ठेवली.

दुपारपर्यंत गाळ संपला. मजुरांनी आत दिवा सोडून दाखवला. ती वाकली, बघितलं. खाली स्वच्छ सिमेंट होतं, इतकं उथळ, इतकं साधं, की मला राग आला.

"नइ हे," ती उठत म्हणाली. "अब ढाँक दव."

मॅडमनी तिच्या हातावर पाणी घातलं. संध्याकाळी चेंबर भरून टाकलं.

तिनं ते झाकू दिलं, म्हणजे तिनं मान्य केलं, असं लोकांनी धरलं. पेढे त्याचेही होते थोडे. पण ती म्हणाली होती, इथं नाहीत, आणि एवढंच म्हणाली होती.

पाऊस सुरू झाला. ती सवयीनं फाटकाशी आली. पाणी नव्या नालीत जात होतं, जमिनीखालून काही आवाज नव्हता. ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि आत गेली. नंतर आलीच नाही. गल्ली कोरडी, शांत. जाळीतून झुरळं नाहीत. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली. पूर होता तोवर काहीतरी परत येत होतं, घाण का असेना. आता काहीच येत नाही.

तीजासाठी परवा भाऊ आला, साडी घेऊन. त्याला चहा देऊन दीदी आमच्याकडे आली तेव्हा खांद्याला पिशवी होती. आईनं बघितलं आणि तिचे डोळे लकाकले. "चालली? जा वं, जा. खाऊन ये कडू." दीदीनं आईच्या तळहातावर किल्ली ठेवली आणि वरून तिची मूठ मिटली.

"ओ आही त तुंहर मेर मांगही, काकी."

ते आले तर तुमच्याकडेच मागतील. आई म्हणाली, "हव." न थांबता म्हणाली. उठली आणि जुन्या खिळ्याला किल्ली अडकवली. मी गॅलरीत गेले. भावाच्या हातात तिची दुसरी पिशवी होती आणि तो सरळ काँक्रीटच्या त्या चौकोनाकडे चालला होता. तिनं बोलता बोलता, त्याच्याकडे न बघता, त्याचं कोपर धरलं आणि त्याला बाजूनं नेलं.

काल संध्याकाळी नागपूरहून मावशीचा फोन आला. दरवर्षी पाण्यामुळे आम्ही घर सोडून जाऊ शकत नसू, यंदा आता काय अडचण आहे, दोघी या. मलाही जावंसं वाटत होतं. सुट्टी होती, गाडीत जागा होती. आईला म्हटलं, किल्ली देवांगनजींकडे देऊन जाऊ, दोन दिवसांचा तर प्रश्न. आई वर्षावासाच्या वाचनाला निघाली होती. चप्पल घालता घालता थांबली.

"अन् तो देवांगनच्या घरी कायले जाईन?" ती म्हणाली. "त्याले आपलंच दार माहीत हाये."

 तिला वेड लागलेलं नाही. विहारात अनित्याचं प्रवचन तीच सगळ्यांना समजावून सांगते. बाहेर झिमझिम होती. पंडरीतली दुकानं बंद व्हायची वेळ. खाली फाटकाची कडी वाजली, आणि आम्ही दोघींनी एकदम तिकडे बघितलं. कोपऱ्यावरची भाडेकरीण होती, चौकोनाला वळसा घालताना आमच्या फाटकाला घासून घरी जात होती.

मावशी फोनवर अजून विचारत होती, येताय ना?

"नाही गं," मी म्हटलं, "यंदा नाही जमणार. शेजारची किल्ली आमच्याकडे आहे."